एका आडनावाच्या दोन नळ्या

१

दोन नळ्यांवर एकाच माणसाचं नाव होतं आणि आतलं रक्त दोन वेगळ्या माणसांचं होतं. एवढं कळायला शिनोमियाबाईंना सकाळचे तीन तास पुरले. कळल्यावर त्या हात पुसत खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात चिडल्या, कारण मनावर घेतलं असतं तर हे पाच आठवड्यांपूर्वी कुणालाही कळलं असतं.

नळ्यांवरचं नाव बांदो नाओया. वय एकतीस, रोग जन्माचा. पोटऱ्यांपासून सुरू होतो आणि मग एकेक स्नायू खात वर चढतो. त्यावरचं नवं औषध म्हणजे माणसाळवलेला विषाणू. त्याच्या पोटात चांगलं जनुक भरायचं, शिरेतून सोडायचं, आणि त्याने ते ओझं स्नायूंपर्यंत वाहून न्यायचं. गोम अशी की हे जनुक भलतंच लांब. एका विषाणूत मावत नाही, म्हणून दोन तुकडे करून दोन विषाणूंत भरावं लागतं. शिवाय स्नायू म्हणजे जवळजवळ अर्धं शरीर. तेव्हा डोळ्याच्या अशाच उपचारात थेंबभर पुरतं ते इथे बाटल्या भरभरून द्यावं लागतं. ज्याच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध आधीच अँटिबॉडी तयार असतील, त्याला ते द्यायचंच नाही, हा या चाचणीचा पहिला नियम होता.

नाओयाला ते दिलं आणि नवव्या दिवशी तो गेला. आधी मूत्रपिंडं बसली, मग हृदय.

शिनोमिया काझुए या विद्यापीठाच्या रुग्णालयात तीस वर्षं रक्ताच्या नळ्याच हलवत होत्या. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना सुरक्षा कक्षात बसवलं होतं. म्हणजे काही बिघडलं की बोलवायचं आणि एरवी विसरायचं. आज बोलावलं होतं तेराओ सेन्सेईंनी, चाचणीच्या प्रमुखांनी.

"शुक्रवारी तोक्योत समिती बसतेय," सेन्सेई म्हणाले. "औषधानेच माणूस मारला असं ठरलं तर सगळं बंद. अकरा जण रांगेत आहेत, शिनोमिया-सान. महिन्यागणिक त्यांचे पाय जातायत."

"त्यातला एक नाओयाचा धाकटा भाऊ होता ना?"

"शुंता. तो आधीच बाद झाला. त्याच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या."

बाईंनी दोन नळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. "ही तीन महिन्यांपूर्वीची, नाओयाच्या निवडीची. हिच्यात अँटिबॉडी शून्य. आणि ही औषध देण्याच्या आदल्या दिवशीची. मर्यादा पन्नास, हिचा आकडा तीन हजार दोनशे. ही कुणी तपासलीच नव्हती का?"

सेन्सेईंनी चष्मा काढून पुसला. "तपासणीला चार दिवस लागतात. औषध आलेलं होतं, वितळवलं की काही तासांत द्यावं लागतं. पहिली नळी स्वच्छ होती म्हणून दुसरी फ्रीझरमध्ये ठेवली, नंतर एकदम बघू म्हणून." मग घाईघाईने म्हणाले, "मधल्या काळात त्याला साधा संसर्ग झाला असेल. असे विषाणू हवेत असतातच."

"असेल की. पण सेन्सेई, संसर्गाने माणसाचा रक्तगट बदलतो का? नाओया ए गटाचा. पहिल्या नळीतलं रक्त ओ गटाचं आहे."

२

आपल्याकडे जपानात कुणाचा रक्तगट कोणता हे लपून राहत नाही. लग्नाच्या बोलणीत निघतो, कचेरीत चेष्टेत निघतो. त्यामुळे दुपारपर्यंत सेन्सेईंनी एवढं सांगून ठेवलंच, "कुसाका ओ आहे. सगळ्या विभागाला माहितीय." सांगताना त्यांचा आवाज अगदी मऊ होता. आपली मान सुटली की माणसाला दुसऱ्याची फार चटकन सापडते.

कुसाका एरी चाचणीची समन्वयक. रुग्णांना बोलावणं, नमुने घेणं, घरच्यांना समजावणं, सगळं तिच्या डोक्यावर. ती खुर्चीच्या कडेवर टेकली होती.

"मी माझं रक्त घातलं, असंच म्हणायचंय ना सगळ्यांना?" ती म्हणाली. "रुग्ण मिळत नव्हते हे खरं. पाचांतले दोघे अँटिबॉडीमुळेच बाद होतात. पण म्हणून मी असलं करेन?"

"मी अजून काही विचारलेलंसुद्धा नाही, कुसाका-सान. बांदो भावांचे नमुने तूच घेतलेस?"

"नाही. नाओया-सानना घरच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या. गावच्या दवाखान्यातल्या नर्सने दोघांचं रक्त घरीच काढलं. पेटी इथे पोचली, मी उघडून फोटो काढला. प्रत्येक नमुन्याचा काढतेच." तिने फोटो पुढे केला. शीतपेटीत दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीवर पूर्ण नाव, तोंडाला पारदर्शक चिकटपट्टी.

"शुंताला नकार कळवलास तेव्हा तो काय म्हणाला?"

कुसाकाने फोटो बाजूला ठेवला. "तेच विचित्र होतं. बाकीचे रडतात, भांडतात, पुन्हा तपासा म्हणतात. मी म्हटलं, 'अँटिबॉडी आढळल्या, आपल्याला घेता येणार नाही.' तर त्याने वाकून धन्यवाद दिले. दादाचा नंबर लागला ना, एवढंच विचारलं." मग तिला रडूच आलं. "चांगला मुलगा आहे हो. नऊ दिवस भावाच्या उशाशी होता. माझं मात्र ऐकत नव्हता. औषधानंतर रुग्णाच्या थुंकीतून, लघवीतून विषाणू बाहेर पडतो, म्हणून घरच्यांनी हातमोजे घालायचे, भांडी वेगळी ठेवायची. मी खोकंभर मोजे दिले. खोली रिकामी केली तेव्हा खोकं जसंच्या तसं होतं."

बाईंनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. मोज्यांचा नि नळ्यांचा काय संबंध, असं त्यांना वाटलं. पुढे हे आठवलं की त्या स्वतःला बोल लावत.

त्या परत प्रयोगशाळेत गेल्या. पहिल्या नळीत अजून चार थेंब होते. स्नायू झिजले की त्यांचा एक घटक रक्तात उतरतो आणि धडधाकट माणसात तो दोनशेच्या वर सहसा जात नाही. यंत्राने आकडा दाखवला, सहा हजार.

कुसाकाचा जीव वाचला. हे रक्त ज्याचं होतं, त्याचेही स्नायू झिजत होते.

बाईंनी मग शुंताच्या नावाची नळी मागवली, ज्या नळीने त्याला बाद केलं होतं ती. तिच्यात अँटिबॉडी भरपूर, आणि गट ए.

३

नर्सचं नाव इनूबुशी फुमिए. दवाखाना डोंगरात, घाटाच्या चौदाव्या वळणावर. इनूबुशीबाई अडुसष्ट वर्षांच्या, आणि डोंगरातलं निम्मं गाव त्यांच्याच सुईखालून गेलेलं.

शिनोमियाबाईंनी दोन्ही भावांच्या निवडीच्या नळ्यांचे फोटो टेबलावर ठेवले. प्रयोगशाळेने पिशवीवरून लावलेल्या पूर्ण नावाच्या चिठ्ठीखाली दोन्हींवर एकाच वळणदार अक्षरात एवढंच लिहिलं होतं, 'बांदो-सान'.

"आडनावच?" त्यांनी विचारलं.

"गावात आडनावानेच हाक मारतात हो. रुग्णाचं पहिलं नाव नळीवर लिहायचं म्हणजे मला कसं उद्धट वाटतं." बोलता बोलता त्यांना उमगलं. "पूर्ण नाव मी पिशवीवर लिहिते. नळी पिशवीत घालते. दोघे भाऊ, एकच आडनाव..." त्या उठल्या आणि कमरेत वाकून तशाच राहिल्या. "चूक माझी. नळ्या माझ्याकडून उलट्या पिशव्यांत पडल्या. पोराला मी मारलं. लिहून घ्या."

"आधी सरळ उभ्या राहा बघू."

"नाही. लिहा. माझं वय झालंय, मला काय करायचंय? निदान औषधावरचा डाग तरी जाईल."

शिनोमियाबाईंना मोह झाला, हे कबूल केलं पाहिजे. सगळं किती सोपं होतं! म्हातारीची नजरचूक. औषध निर्दोष, रांगेतले अकरा जण सुटले, शुक्रवार साजरा. त्यांनी वही उघडलीही. मग तीस वर्षांच्या सवयीने एक निरर्थक वाटणारा प्रश्न विचारला.

"पिशवी बंद कशाने करता?"

"ह्याने." इनूबुशीबाईंनी खिशातून पांढऱ्या मलमपट्टीची गुंडाळी काढली. "चाळीस वर्षं हीच. दुसरी चिकटपट्टी थंडीत सुटते."

कुसाकाच्या फोटोत दोन्ही पिशव्यांना पारदर्शक चिकटपट्टी होती.

"पेटी शहरात कुणी नेली?"

"शुंताने. तो अजून गाडी चालवतो ना. दोन वर्षांपूर्वीही त्यानेच नेली होती."

शिनोमियाबाईंची लेखणी थांबली. "दोन वर्षांपूर्वी?"

"अशीच एक चाचणी येणार होती, मग आलीच नाही. तेव्हाही दोघांच्या रक्तात हेच तपासलं होतं. निकालाची पत्रं घरी आली होती म्हणे."

४

बांदोंच्या घराला त्रेचाळीस दगडी पायऱ्या आणि टपालपेटी तळाशी. शिनोमियाबाई ती पेटी बघत जरा वेळ उभ्या राहिल्या, मग चढल्या.

घरात आई आणि शुंता, दोघंच. नाओयाची बायको लेकीला घेऊन माहेरी गेली होती. फोटोपुढे उदबत्ती आणि एक पुडिंगची वाटी. आई बोलत सुटली. बरेच दिवस कुणाशी बोलली नसावी.

"नाओया अस्सल ए. चपलासुद्धा रेघेत लावणार. आणि हा ओ, ह्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. पण दोघांचं एक ताट हो! हॉस्पिटलात नाओया जेवेना, तर हा पुडिंग आणायचा. एक चमचा त्याला, एक स्वतःला, त्याच चमच्याने. 'तू खाल्लंस तर मी खातो,' म्हणायचा मोठा. लहानपणापासूनची खोड." तिने डोळे टिपले. "आता हा एकच उरलाय मला, बाई. आणि हाही आता भिंत धरून चालतो."

शुंता खाली बघत होता. अठ्ठावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा. चहा आणायला उठला तेव्हा दोन्ही हात जमिनीला रेटून उठला.

"शुंता-सान, बसा," बाई म्हणाल्या. "चहा नको. दोन वर्षांपूर्वीची पत्रं कुठेत?"

"कसली पत्रं?" आईने विचारलं. "दोघेही स्वच्छ आहेत असं हाच सांगत आला होता की. टपाल हाच वर आणतो."

बाई सांगू लागल्या. आवाज चढवला नाही. "त्या पत्रात तुम्ही स्वच्छ होतात आणि नाओया-सान नव्हते. या वेळी उलटं निघालं. ज्याला आपण स्वच्छ असल्याचं माहीत आहे, तो नकार ऐकून ओरडतो, पुन्हा तपासा म्हणतो. तुम्ही धन्यवाद दिलेत. पिशव्यांची पांढरी पट्टी वाटेत बदलली गेली, आणि पेटी तुमच्या गाडीत होती. तुम्ही नळ्या बदलल्यात. तुमची जागा भावाला दिलीत."

आई एकीकडून दुसरीकडे बघत राहिली.

"परवा समिती बसतेय," बाई म्हणाल्या. "औषध दोषी ठरलं तर अकरा जण गेले. नाहीतर इनूबुशीबाई दोष डोक्यावर घ्यायला तयारच बसल्यात. खरं सांगा. तुमचं रक्त स्वच्छ आहे. ही चाचणी चालू राहिली तर तुमची जागा मी भांडून मिळवून देते."

हे वाक्य त्यांनी आईसमोर उच्चारलं. आईने त्यांचा हात घट्ट धरला. बाईंना तेव्हा आपण माणुसकीने बोलतोय असंच वाटलं होतं.

"कोझुए दोन वर्षांची आहे," शुंता शेवटी म्हणाला. "दादाची मुलगी. 'बाबा, उचल' म्हणायची, आणि दादा ऐकू न आल्यासारखं करायचा. माझं कोण आहे? मला कुणाला उचलायचंय?"

"अँटिबॉडी असताना औषध घेतलं तर काय होतं, ते माहीत नव्हतं?"

"कुसाका-सानना विचारलं होतं. त्या घाईत होत्या. म्हणाल्या, 'मग औषध लागू पडत नाही, वाया जातं.' मला वाटलं, वाया जाईल तर जाईल, पण थोडं लागू पडलं तर?" त्याने मान वर केली. "जीव जातो असं कुणी म्हटलं नाही हो. दादाला श्वास घेता येत नव्हता, तरी म्हणत होता, 'पुढचा नंबर तुझा, मी सेन्सेईंशी बोलतो.'"

आई उठली. ती त्याला मारेल असं बाईंना वाटलं. तिने फोटोपुढची पुडिंगची वाटी उचलली, स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ नुसता नळाचा आवाज येत राहिला.

५

शिनोमियाबाईंनी अहवालात सगळं लिहिलं, कुणालाही न झाकता. नळीवर फक्त आडनाव लिहिणारी नर्स. घाईत अर्धं उत्तर देणारी समन्वयक. दुसरी नळी न तपासता फ्रीझरमध्ये ढकलणारे सेन्सेई. आणि भावावर जीव टाकणारा भाऊ. कुणालाही नाओयाला मारायचं नव्हतं. चौघांनी मिळून मारलं.

समितीने औषधाला सोडलं. चाचणी चालू राहील, मात्र रक्त रुग्णालयातच काढायचं, नळीवर पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहायची, आणि औषधाआधीचा निकाल हातात आल्याशिवाय बाटली वितळवायची नाही. इनूबुशीबाईंनी राजीनामा दिला. सेन्सेईंना ताकीद मिळाली, आणि ताकीद मिळालेल्या माणसाला शोभेल इतपत ते आठवडाभर गप्प राहिले.

शुंताच्या जागेसाठी बाई खरंच भांडल्या. समितीतल्या एकाने विचारलं, "फसवणूक करणाऱ्याला बक्षीस द्यायचं का?" बाई म्हणाल्या, "त्याला शिक्षा आधीच झालीय. त्याच्या पायांनी काय केलंय?" शेवटी मान्य झालं. सगळ्यांप्रमाणे नव्याने तपासणी, आणि रक्त स्वच्छ निघालं तर पहिला नंबर त्याचा.

नाओयाला जाऊन सात आठवडे झाले होते. रक्त बाईंनी स्वतः काढलं, नळीवर नाव स्वतः लिहिलं. आई बाहेरच्या बाकावर शिजवलेल्या भाताचे गोळे बांधून घेऊन बसली होती, सहलीला आल्यासारखी.

चौथ्या दिवशी निकाल आला. मर्यादा पन्नास. आकडा सहा हजार चारशे.

बाईंनी गट बघितला. ओ. स्नायूंचा आकडा बघितला. त्याचाच. यंत्र धुऊन पुन्हा लावलं, तरी तेच. आणि मग त्यांना न उघडलेलं मोज्यांचं खोकं आठवलं, पुडिंग आठवलं, एक चमचा त्याला, एक स्वतःला. नऊ दिवस भावाच्या तोंडातून बाहेर पडणारा विषाणू शुंता घास घास करून पोटात घेत होता, आणि शरीराने आपलं काम चोख केलं होतं. हा एकदा ओळखलेला विषाणू त्याचं रक्त आता विसरणार नव्हतं. या जन्मात त्याला हे औषध मिळणार नव्हतं.

त्या खोलीत गेल्या तेव्हा दोघंही उठू लागले. शुंताला उठायला वेळ लागला, म्हणून बाईंनी तेवढा वेळ थांबून घेतलं.

"अँटिबॉडी आढळल्या," त्या म्हणाल्या. "आपल्याला घेता येणार नाही."

तेच शब्द होते. दुसरे त्यांना सापडले नाहीत.

"असं कसं?" आई म्हणाली. "तुम्हीच तर म्हणालात स्वच्छ आहे! तुम्ही माझ्या घरात बसून म्हणालात! ह्याने काय केलं आता? नुसतं भरवलं ना? आजारी भावाला भरवलं ना?"

बाईंकडे उत्तर होतं, आणि ते देण्याची लाज वाटत होती. त्या वाकल्या आणि वाकूनच राहिल्या.

शुंता पुढे आला, भिंत धरून. या वेळी त्याने धन्यवाद दिले नाहीत.

"नळी दाखवता?" त्याने विचारलं.

त्यांनी खिशातून नळी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उजेडात धरली आणि वरचं नाव अक्षर न् अक्षर वाचलं. बांदो शुंता, पूर्ण नाव, खाली जन्मतारीख.

"माझीच आहे," तो म्हणाला, आणि नळी आईकडे दिली.